आमच्या बिल्डिंगमधली नकली गिऱ्हाइकं

"बिल्डिंगमधल्या बायकांना नाटकात घेऊ नकोस," सासूबाई मला म्हणाल्या होत्या. "एकदा स्टेजवर चढल्या की उतरायच्या नाहीत."

मी हसले. म्हणजे उघड नाही. सुनेला सासूच्या सल्ल्यावर जेवढं हसायची मुभा असते तेवढंच, तोंड ओट्याकडे करून. "आई, हे नाटक नाहीये. ही आधुनिक अध्यापनपद्धती आहे."

"बरं," म्हणाल्या, आणि पिलूचं नाक पुसायला निघून गेल्या.

आता हे अध्यापनपद्धती प्रकरण काय ते सांगते. ब्यूटी पार्लरचं काम शिकवणाऱ्या एका संस्थेत मी शिक्षिका आहे. त्या वेळी नुसतं 'आहे' म्हणायची सोय नव्हती. मी 'तात्पुरती' होते. हजेरीपटावर माझं नाव पेन्सिलीनं लिहिलेलं होतं आणि ऑफिसातला क्लार्क त्या पानाजवळ खोडरबर ठेवायचा. माझं म्हणणं, तो मुद्दाम ठेवायचा. नवऱ्याचं म्हणणं, क्लार्कच्या टेबलावर खोडरबर असणारच. पण नवऱ्याचं नाव त्याच्या ऑफिसात शाईत आहे, तेव्हा त्याच्या म्हणण्याला तेवढीच किंमत.

मला शाईत जायचं होतं ते पिलूसाठी. पिलू म्हणजे आमची लेक, नुकतीच चालायला, खरं तर एकदम पळायलाच लागलेली. संस्थेच्या तळमजल्यावर पाळणाघर आहे. खिडक्यांना जाळी, जिन्याला फाटक, टेबलांच्या कोपऱ्यांना रबर. मी सगळं हात लावून पाहिलंय, जाळी तर हलवूनसुद्धा. पण तिथे फक्त कायम कर्मचाऱ्यांची मुलं घेतात. मी कायम झाले तर लेक माझ्या पायांखाली, एका मजल्याच्या अंतरावर. नाही झाले तर ती दिवसभर सासूबाईंच्या मागे जिने चढणार-उतरणार, आणि मी वर्गात कुणाच्या भुवया कोरताना तिच्या गुडघ्यांचा विचार करणार. आंघोळीचं पाणी आधी स्वतःच्या कोपरानं आणि मग नवऱ्याच्या कोपरानं तपासणारी बाई आहे मी. "चिंता हा तुझा छंद आहे," असं नवरा म्हणतो. छंद माणूस फावल्या वेळात करतो. ही माझी नोकरी आहे, आणि हिच्यात मी कधीचीच कायम आहे.

तर आमच्या डायरेक्टरबाई कुठल्याशा परिषदेला गेल्या आणि तिथून गळ्यात बिल्ला आणि डोक्यात नवीन पद्धती घेऊन आल्या. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "जुनी पद्धत बंद," म्हणाल्या. जुनी पद्धत अशी, की मुलीनं आधी बराच काळ नुसतं बघायचं. मग पिना हातात द्यायच्या. मग खाली पडलेले केस झाडायचे. आणि मग एखाद्या दिवशी बाईंचा हात दुखला की त्या म्हणणार, "धर कात्री." नव्या पद्धतीत मुलगी पहिल्या दिवसापासून स्वतः करणार, चुकणार, त्यावर चर्चा होणार, आणि चर्चेतून ती घडणार. "तुम्ही मानसशास्त्र शिकलायत," डायरेक्टरबाई म्हणाल्या, "तुम्हीच राबवा. ही बॅच प्रात्यक्षिक परीक्षेत सगळीच्या सगळी पास झाली, की तुम्ही कायम. एक जरी नापास झाली, तर मग पुढच्या वर्षी बघू."

'पुढच्या वर्षी बघू' हे वाक्य मी माझ्या लग्नाआधी घराच्या रंगाबद्दल ऐकलं होतं. भिंती अजून त्याच रंगाच्या आहेत.

सुरुवात डोक्यांपासून झाली. मुलींना पहिल्या दिवसापासून कात्री द्यायची तर कापायला डोकं हवं, आणि खरं डोकं पहिल्या दिवशी कोण देतं? म्हणून सरावाच्या पुतळ्यांची डोकी मागवली. नुसती डोकी. खाली मान, मानेखाली काही नाही, वर लांबसडक केस आणि चेहऱ्यावर, काय सांगू, जगाबद्दल काहीही तक्रार नसल्याचा भाव. खोकं आलं तशी मी ते ढकलत भांडारात नेलं. आमचे भांडारपाल फार तत्त्वनिष्ठ गृहस्थ. त्यांनी एक डोकं उचललं, फिरवून पाहिलं आणि विचारलं, "हे टिकाऊ सामान की खपणारं?"

"म्हणजे?"

"केस कापले की संपणार. म्हणजे खपणारं. पण डोकं उरणार. म्हणजे टिकाऊ. दोन्ही एका रकान्यात कसं घेऊ, मॅडम?"

मी म्हटलं, टिकाऊमध्ये घ्या. ते म्हणाले, मग केस कुठे गेले याचा खुलासा हिशेब तपासणीस मागतील. मी म्हटलं, मग खपणाऱ्यात घ्या. ते म्हणाले, मग वर्षाअखेर डोकी संपली पाहिजेत. शेवटी ठरलं असं, की दुकानदारानं केसांचं बिल वेगळं आणि डोक्यांचं वेगळं द्यावं. दुकानदार फोनवर म्हणाला, "बाई, तुम्ही बऱ्या आहात ना?" हा प्रश्न सुटेपर्यंत डोकी भांडारात ठेवता येणार नव्हती, आणि भांडारातून आल्याशिवाय वर्गात ठेवता येणार नव्हती. मग ती जाणार कुठे? आमच्या घरी आली.

घरी त्यांना धुवावं लागलं, कारण केसांना खोक्यातली पावडर होती. धुतल्यावर वाळत घालावं लागलं. बाल्कनीच्या कठड्यावर ओळीनं मांडली, रस्त्याकडे तोंड करून, म्हणजे चेहऱ्याला ऊन लागेल. सकाळी दूधवाल्यानं खालून वर पाहिलं आणि पिशवी गेटवरच ठेवून गेला. समोरच्या वहिनी फोन करून म्हणाल्या, "तुमच्याकडे पाहुणे आलेत का गं? बऱ्याच वेळच्या उभ्या आहेत बिचाऱ्या, आत घे की." पिलूला मात्र डोकी मनापासून आवडली. ती रोज त्यांना बिस्किट भरवायची. बिस्किट तोंडात जाईना तेव्हा नाकाला लावायची. एका डोक्याच्या कानात बराच भुगा साठला होता. परीक्षेच्या दिवशी तो बाहेर पडला नाही हे माझं नशीब.

बिलं झाली, डोकी वर्गात गेली, मुली कामाला लागल्या. हात इतके झपाट्यानं तयार झाले की डायरेक्टरबाई पाहुण्यांना वर्ग दाखवायला आणू लागल्या. मग आम्ही एक खरं गिऱ्हाईक बोलावलं, आणि घोटाळा लक्षात आला. मुलींना माणसाशी बोलताच येत नव्हतं! डोक्यांची सवय लागलेली. एकीनं तर गिऱ्हाइकाची मान वळवायला हनुवटी आणि टाळू धरून गर्रकन फिरवली. बाई किंचाळली तशी मुलगी दचकून म्हणाली, "अगंबाई, हिला आवाज आहे!"

आता माझं मानसशास्त्र कामाला आलं. डॉक्टरकीच्या मुलांना म्हणे खोटे रोगी देतात. माणूस धडधाकट, पण पोटात दुखतंय असं सांगणारा. मग आम्ही खोटं गिऱ्हाईक का देऊ नये? मी कार्डं केली. 'तुम्ही घाईत आहात.' 'तुम्हाला फोटोतल्यासारखे केस हवेत.' 'तुम्ही तक्रारखोर आहात.' 'तुम्ही लाजाळू आहात. काहीही झालं तरी स्वतःहून बोलत नाही.' आणि कार्डं घेऊन मी आमच्या बिल्डिंगमध्ये दारोदार फिरले. सासूबाईंनी मला वरचं ते वाक्य ऐकवलं ते याच सुमारास.

बिल्डिंगनं उत्साहाची कमाल केली. अडचण इतकीच होती, की सगळ्यांना तक्रारखोराचीच भूमिका हवी होती.

"मला घाई जमत नाही," वरच्या काकू म्हणाल्या. "मला तक्रार दे. माझा आवाज पोचतो."

"अहो काकू, तुम्ही तर रोजच करता तक्रार, त्यात अभिनय काय?" समोरच्या वहिनी म्हणाल्या. "मला दे गं. मी कॉलेजात बक्षीस घेतलंय."

"कशात?"

"रांगोळीत. पण बक्षीस ते बक्षीस."

शेवटी तक्रार काकूंना मिळाली. वहिनींना फोटो मिळाला, तोही फुगवलेल्या गालांनी. लाजाळूचं कार्ड मात्र सगळ्यांनी उलटंपालटं करून परत दिलं. त्यात एकही वाक्य नव्हतं ना! "हे काय, नुसतं बसायचं?" असं म्हणून ते टेबलावर पडून राहिलं. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आण इकडे. मी बसते. निदान तिथे काय चाललंय ते तरी बघता येईल."

सराव सुरू झाला आणि सासूबाईंचं म्हणणं पहिल्याच आठवड्यात खरं झालं. काकूंना मी सांगितलं होतं, केसांना रंग लावताना जरा कुरकुर करा. त्यांनी पहिल्या खेपेला कुरकुर केली. दुसऱ्या खेपेला "आग होते" म्हणाल्या. पुढे आगीला कारण हवं म्हणून त्यांनी एक धाकटी बहीण निर्माण केली, तिचे केस असेच गेले होते. मग बहिणीचं मोडलेलं लग्न आलं. एकदा त्या खुर्चीतून घसरून बेशुद्धही पडल्या, आणि आमच्यातली एक मुलगी खरंच रडली तेव्हा एक डोळा उघडून म्हणाल्या, "बरं झालं ना गं?" त्यांची सून रोज डब्यात त्यांच्यासाठी गरम पाणी पाठवायची, घसा बसू नये म्हणून.

मुलींना मी तक्रारीला तोंड द्यायची पद्धत शिकवली होती: ऐका, मान हलवा, गिऱ्हाइकाचं म्हणणं तिच्याच शब्दांत परत म्हणा. आमची हुशार मुलगी, जिला सगळे 'पहिली' म्हणायचे कारण ती प्रत्येक प्रश्नाला हात पहिला वर करायची, ती यात इतकी तरबेज झाली की घरी आईलासुद्धा सोडेना. तिची आई मला रस्त्यात भेटली. "काय शिकवता हो तिला? मी म्हटलं, भांडी घास. तर मान हलवून म्हणते, भांडी घासली जावीत असं तुला वाटतंय, मी समजू शकते. आणि गेली की निघून!"

परीक्षेचा दिवस आला. परीक्षा मंडळाकडून परीक्षकबाई आल्या. उंच, सडपातळ, आणि अशा शांत की त्यांच्यापुढे पंखासुद्धा आवाज न करता फिरतोय असं वाटावं. त्यांनी पर्समधून पिवळी चिकटपट्टी काढली आणि वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जमिनीवर चिकटवली. "शिक्षिकांनी पट्टीच्या अलीकडे उभं राहायचं. काम चालू असताना शिक्षिका पट्टी ओलांडून ज्या खुर्चीपाशी जाईल, त्या खुर्चीवरची मुलगी नापास. चालेल ना?"

चालेल ना, असं विचारतात ही मोठी गंमत आहे. नाही चालणार म्हटलं तर काय, पट्टी उचलणार होत्या?

मी पट्टीच्या अलीकडे उभी राहिले. पलीकडे खुर्च्यांवर आमची बिल्डिंग, सासूबाईंसकट; पिलूसाठी नवऱ्यानं रजा काढलेली. मी प्रत्येकीला जिन्यातच बजावलं होतं: आज नाटक नाही, आज नुसतं गिऱ्हाईक. काकू म्हणाल्या होत्या, "अगदी नुसतं." पण त्यांनी ओठांना लिपस्टिक लावलेली होती.

पहिलीनं काकूंच्या केसांना रंग लावायला घेतला. परीक्षकबाई त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. समोर आरसा, आरशात परीक्षक. काकूंना एवढा जवळचा प्रेक्षक आयुष्यात मिळाला नव्हता. त्यांनी दीर्घ श्वास घेतला.

"आग होतेय!"

पहिलीनं मान हलवली. "आग होतेय, असं तुम्हाला वाटतंय. मी समजू शकते."

"वाटत नाहीये, होतेय!"

"वाटत नाहीये, होतेय," पहिली प्रेमानं म्हणाली आणि ब्रश चालू ठेवला.

रंगाची चाचणी मी स्वतः केली होती, सगळ्यांच्या कानामागे, काकूंच्या तर दोन्ही कानांमागे. पण माझ्यासारख्या बाईला चाचणीचा विश्वास किती? खरंच होत असेल तर? इतक्या वेळा खोटं म्हटल्यावर खरं म्हणायला काकूंकडे शब्द तरी कुठला उरला होता? परीक्षकबाईंनी कानापाशी वाकून कातडी पाहिली, काहीतरी लिहिलं. काकूंच्या गोष्टीतल्या धाकट्या बहिणीचं लग्न एव्हाना मोडायला आलं होतं. सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता. मुली हातातले कंगवे थांबवून बघत होत्या, वहिनी फुगवलेल्या गालांनी हेव्यानं बघत होत्या, दारातून भांडारपालसुद्धा बघत होते.

आणि मला एकाएकी जाणवलं, की पलीकडच्या कोपऱ्यातून कसलाच आवाज येत नाहीये.

ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांना हे सांगायला नको. मूल रडतंय तोवर आपण कुकरची शिट्टी मोजू शकतो. मूल आतल्या खोलीत अगदी गप्प झालं की हातातलं टाकून धावायचं. मी कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे सासूबाई वाफेच्या यंत्राखाली बसल्या होत्या. डोक्यावर ते मोठं झाकण, गळ्याभोवती टॉवेल, डोळे मिटलेले, चेहरा शांत. पण खुर्चीच्या हातावरची त्यांची मूठ मिटलेली होती. पिलूला इंजेक्शन देताना माझी असते तशी. त्यांच्याशेजारी आमची वर्गातली सगळ्यात अबोल मुलगी उभी, आणि तीही इतर सगळ्यांसारखी काकूंकडे बघत होती. आणि यंत्राचं बटण शेवटच्या आकड्यावर!

का, ते मला त्याच क्षणी कळलं. डोक्यांना भाजत नाही. सरावात पुतळ्यांचे केस लवकर मऊ व्हावेत म्हणून मुलींनी बटण नेहमी शेवटपर्यंत फिरवलं होतं, आणि कुठल्याही डोक्यानं कधी काही म्हटलं नव्हतं. त्यामुळे वाफेचं बटण म्हणजे शेवटपर्यंत फिरवायची वस्तू, असंच त्या शिकल्या होत्या. झाकणाच्या कडेला जमलेलं कढत पाणी थेंब थेंब सासूबाईंच्या मानेवर पडत होतं.

पायापुढे पिवळी पट्टी होती. पट्टीपलीकडे ती अबोल मुलगी होती, जिनं वर्षभर काही मागितलं नव्हतं. तळमजल्यावर जाळीच्या खिडक्या होत्या. हा सगळा विचार मी केला असं आता लिहिताना वाटतं. खरं म्हणजे मी विचार करायला लागले तेव्हा पट्टी मागे पडलेली होती. मी बटण बंद केलं, झाकण वर ढकललं, सासूबाईंना बेसिनवर वाकवलं आणि मानेवर गार पाणी सोडलं.

"अगं, पदर भिजला," त्या म्हणाल्या.

मान लाल झाली होती. फोड नव्हता. मी पुन्हा पुन्हा पाहिलं.

"आई, बोलला का नाहीत?"

"कार्डावर काय लिहिलंय? काहीही झालं तरी बोलत नाही."

"अहो, पण भाजत होतं ना!"

"'काहीही'मध्ये ते येत नाही का?" त्या म्हणाल्या. "तूच लिहिलंयस."

तिकडून काकू ओरडल्या, "इथे माझी आग होतेय आणि सगळे तिकडे काय धावताय?"

"काकू, खरंच होतेय का?" मी वळून विचारलं.

"तशी नाही गं," काकू खालच्या आवाजात म्हणाल्या. "पण रंगात आलं होतं."

परीक्षकबाई जमिनीवरच्या पट्टीकडे बघत होत्या. "तुम्ही पट्टी ओलांडलीत," त्या शांतपणे म्हणाल्या. "नियमाप्रमाणे ही मुलगी नापास." अबोल मुलीच्या डोळ्यांतून टपटप पाणी यायला लागलं, तेही आवाज न करता. दारातून डायरेक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत पुढचं वर्ष स्पष्ट दिसत होतं.

तेव्हा सासूबाई उठल्या. ओल्या केसांचं पाणी टिपत परीक्षकबाईंपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "माझी भूमिका संपली ना?"

"हो, संपली," परीक्षकबाई म्हणाल्या.

"मग आता ऐका. बाई, तुम्ही कुणाच्या मागे उभ्या होतात? जी ओरडत होती तिच्या. तुम्ही पास-नापास करणार, आणि भाजलं कुठे हे बघितलं या पोरीच्या बाईनं. या पोरीची चूक आहेच. बटण तिनं फिरवलं. पण तिनं मला विचारलं नाही, आणि मी तिला सांगितलं नाही. अर्धी चूक माझी. मला नापास करा आधी! आणि नाहीतर मी पुन्हा बसते, तिला पुन्हा करू दे."

काकूंच्या तोंडावर मी प्रथमच निखळ कौतुक पाहिलं. एका कलाकाराचं दुसऱ्याबद्दल असतं तसं.

परीक्षकबाईंनी नियमावली उघडली. गिऱ्हाइकाची तयारी असेल तर एक संधी देता येते, असं काहीतरी त्यांना सापडलं. मान निवेपर्यंत थांबायचं आणि वाफ सोडून दुसरं काम द्यायचं असं ठरलं. अबोल मुलीनं नाक पुसलं, हात धुतले आणि सासूबाईंचे केस विंचरायला घेतले. मग तिचं तोंड जे सुटलं! "आजी, ओढलं का? पाणी गार वाटतंय? मान दुखतेय? टॉवेल सैल करू? खरं सांगा हं आजी, मला वाईट वाटेल म्हणून खोटं नका सांगू." आणि सासूबाईंनी खरं सांगितलं. खुर्ची उंच आहे, कंगवा बोचतो, खिडकीतून वारा येतो, तू जरा डावीकडे सरक, तुझा कोपर लागतोय. एवढ्या तक्रारी आमच्या घरात मी आल्यापासून ऐकल्या नव्हत्या. मी पट्टीच्या अलीकडे उभी राहून आठवत होते, की या बाईंना आपण घरात शेवटचं कधी विचारलं होतं, ठीक आहे ना म्हणून.

बॅच पास झाली. सगळीच्या सगळी. मी कायम झाले. माझ्या फाइलमध्ये 'आखून दिलेली मर्यादा ओलांडण्याची प्रवृत्ती' असा शेरा आहे, तो मी नवऱ्याला अभिमानानं दाखवते. पिलू पाळणाघरात जाते आणि तिथल्या बाहुल्यांना बिस्किटं भरवते. मुलींच्या वर्गात आता नियम आहे, की पुतळ्याच्या डोक्यालासुद्धा 'चटका बसत नाही ना?' असं विचारूनच बटण फिरवायचं. डोकं उत्तर देत नाही; पण विचारायची सवय लागते.

फक्त एक गोष्ट झाली, ती माझ्या डोक्याला नवीन घोर लावून गेली. परीक्षकबाईंनी सासूबाईंचं नाव मंडळात सांगितलं. आता ठिकठिकाणच्या संस्था त्यांना लाजाळू गिऱ्हाईक म्हणून बोलावतात. म्हणे अशी बाई मिळत नाही. त्या खूश आहेत. सकाळी पर्समध्ये कंगवा आणि पाण्याची बाटली टाकतात आणि बसनं निघतात. मी मागे धावू शकत नाही, मला वर्ग असतो.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. तुम्ही कधी केस कापायला किंवा शिकायला कुठे गेलात, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत चष्म्याला दोरी बांधलेली, बारीक अंबाडा घालणारी एक बाई डोळे मिटून बसलेली दिसली, तर जरा तिच्यापाशी जा. ती म्हणेल, "ठीक आहे, काही नाही." तिचं ऐकू नका. मानेवरचा टॉवेल बाजूला करून स्वतः बघा.